कड्यावरची हिरवी शेंग

मूठभर पिकलेलं बी! एवढ्यासाठीच ती सलग चौथ्या वर्षी त्या कड्याकडे निघाली होती. त्या जातीचं माहीत असलेलं झाड एकच उरलं होतं, आणि तेही कड्याच्या पोटातल्या अरुंद कपारीत. ती दुर्मिळ झाडांचं बी जपून ठेवणाऱ्या बीजकोठारात कामाला, म्हणून सगळे तिला बीजवालीच म्हणत. पहिल्या वर्षी झाडाला शेंगाच धरल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी माकडांनी फडशा पाडला. तिसऱ्या वर्षी तिने घाईघाईने शेंग तोडली, ती कच्ची निघाली. चाळीस कुंड्यांत चाळीस दाणे पेरून ती रोज सकाळी वाकून बघायची. एकही रुजला नाही.

सोबत दोघंच. साठी उलटलेले दोरकाका, ज्यांच्या दोरावर ती डोळे मिटून लोंबकळली असती. आणि शिधा वाहायला हौसेने आलेली नणंद. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"वहिनी, दादा विचारत होता, दरवर्षी घर सोडून कोणाला भेटायला जातेस म्हणून!"

"सांग त्याला, उंच आहे आणि फारसा बोलत नाही."

दोन दिवस तिघं धुक्यातून चालली. धुकं कसलं, कोणीतरी संथपणे सोडलेला श्वासच तो! झाडं जवळ आल्यावर उमटायची आणि मागे वळून पाहावं तर विरघळलेली असायची. आपलीच पावलं मागून कोणीतरी टाकत असल्यासारखी वाजत. चालता चालता बीजवालीला घरी ठेवून आलेल्या लेकीच्या केसांचा वास यायचा. आता उठली असेल, आता दूध प्यायली असेल, कोणी टोपडं घातलं असेल का... मग एकदम ठेच लागायची आणि ती पुन्हा जंगलात यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माथ्यावरून दोराने खाली उतरू लागली. पायांखाली पांढरं, डोक्यावर पांढरं. मध्ये ती एकटीच, कोणाच्या तरी स्वप्नात टांगल्यासारखी.

आणि दगड निखळला!

पाय सुटला. ती गर्रकन फिरली. खांदा कड्यावर आदळला. दोर ताणला, कुरकुरला... थांबला!

"आहेस ना गं पोरी?" वरून काकांचा आवाज आला.

"आहे!" ती ओरडली. खांदा ठणकत होता. पण समोरच झाड होतं. निम्मी मुळं उघडी पडलेली, आणि शेंड्याला एकच शेंग.

तिने हलकेच नख लावलं. पांढरा चीक टपकला. कच्ची!

"ढग चढतायत! असेल ती तोड आणि ये वर!" काका गरजले. "मी काही पुन्हा येणार नाही हां, आत्ताच सांगून ठेवतो!"

शेंग तिच्या मुठीत होती. तोडली तर निदान दाखवायला काहीतरी होतं. ठेवली तर वादळ होतं, ती उघडी मुळं होती. तिला त्या चाळीस कुंड्यांतली काळी, गप्प माती दिसली.

तिने मूठ सोडली. तारेच्या बारीक जाळीची पिशवी काढून शेंगेवर चढवली, तोंड घट्ट आवळलं. शेंग पिकून तडकली की बी आतच पडेल. मुळांवर तिने हाताला लागले तेवढे दगड रचले.

"ओढा!"

ती माथ्यावर पोचली आणि गारा कोसळू लागल्या. नणंदेने तिला छातीशी धरलं, मग तिचे हात उलटसुलट पाहिले.

"रिकामेच?"

"वीस दिवस लागतील अजून."

"तोवर ते झाड राहील?"

"माहीत नाही. मी येणार एवढं माहीत आहे."

काका तोंडातल्या तोंडात पुटपुटत दोर गुंडाळत होते. नणंद दोर बांधायला कातळात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या उपटायला वाकली, तसे ते खेकसले, "ए, हात नको लावूस! वीस दिवसांत पुन्हा कोण ठोकणार? तुझा दादा?"

आणि भिजलेला दोर खांद्यावर टाकून ते धुक्यात उतरू लागले.