तळ्यातला महाल

"बाई, आमचे आजोबा इमारतीच्या मागं पडलेत. हलत नाहीत," वॉचमन सकाळी फोनवर कसाबसा बोलला.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा त्यांना कळलं, की हे आजोबा जेमतेम तिशीतले होते. गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारी जुनी ग्राफिक्स कार्डं जिवापाड जपायचे, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं. नवा गेम कुठल्या कार्डावर चालतो आणि कुठल्यावर मान टाकतो, हे तपासणं त्यांचं काम. आता ते पाच मजली भिंतीच्या पायथ्याशी पालथे पडले होते; जीव काल संध्याकाळीच गेला असावा.

"गच्चीवर पाहिलंत?" बाईंनी वॉचमनला विचारलं.

"लगेच पाहिलं. दाराची कडी काढून वर गेलो. चिटपाखरू नव्हतं."

आजोबांच्या खिशात एक कागद निघाला. चुरगळून पुन्हा हातानं सरळ केलेला, चारी कोपऱ्यांना टाचणीची भोकं. गेममधलं चित्र होतं ते. वर महाल आणि खाली करडं, आंधळं तळं. बाईंना ते तळं उगीचच आवडलं नाही.

तेवढ्यात आजोबांची मोठी बहीण आली. रडणं तिनं दाबून धरलं होतं.

"त्याचे साहेब सगळ्यांना सांगतायत, माझ्या भावानं चूक केली आणि जीव दिला. बाई, तो गेला, आता काही परत यायचा नाही. पण आमच्या आईनं हे ऐकायचं आणि तेच मनात धरून जगायचं का?"

बाई तिला घेऊन वर गेल्या.

चाचणीच्या खोलीत पंख्यांची घरघर होती आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. भिंतीवर फळा. प्रत्येक कार्डावर गेम कसा दिसला, त्याचं चित्र तिथं टाचलेलं. पास झालेलं सुलट, नापास झालेलं उलटं. ही आजोबांचीच पद्धत.

साहेब, म्हणजे विभागप्रमुख, हात चोळत उभे होते.

"गेम नव्या स्टँडर्डवर बनवलाय," ते म्हणाले. "जुन्या कार्डांवरही चालेल, असं आजोबांनी छातीठोकपणे सांगितलं. गेम बाजारात आला आणि लोकांचे कॉम्प्युटर धडाधड बंद पडायला लागले. मनाला लावून घेतलं बिचाऱ्यानं."

"जुन्या कार्डावरची चाचणी तुम्ही पाहिलीत?"

"माझ्या डोळ्यांदेखत झाली! ते बघा फळ्यावर. तळ्यात महाल कसा लख्ख उतरलाय. पाठ थोपटली मी त्याची."

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"केबिनमध्ये. गच्चीकडे फिरकलोसुद्धा नाही."

बाई कोपऱ्यातल्या प्रोग्रामर मुलीकडे वळल्या.

"नव्या स्टँडर्डमध्ये नवं काय आहे? मला समजेल असं सांग."

"पाण्यातलं प्रतिबिंब आता कार्डानं स्वतः काढायचं. नव्या कार्डांना ते जमतं."

"आणि जुन्यांना?"

मुलीनं फळ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "जुन्यांना नाही जमत. पाणी नुसतं करडं दिसतं आणि थोड्या वेळानं कॉम्प्युटर बंद पडतो."

बाईंनी खिशातला कागद फळ्यावरच्या चित्राशेजारी धरला.

"म्हणजे खिशातलं चित्र खरं, फळ्यावरचं खोटं," बाई म्हणाल्या. "आजोबांनी जुन्या कार्डाला नापासच केलं होतं. करड्या तळ्याचं चित्र इथं उलटं टाचलेलं होतं. कोणीतरी ते ओरबाडून चुरगळलं आणि हे देखणं चित्र लावलं. आजोबांना तो बोळा सापडला. जुन्या कार्डावर तळं कसं दिसतं, हे इथं काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही फक्त अशा माणसाला, जो गेम कायम नव्या कार्डावरच बघतो. साहेब, तुमच्या केबिनमध्ये कुठलं कार्ड आहे?"

"सगळ्यात नवं," मुलगीच हळूच म्हणाली.

"चित्र बदललं असेल मी," साहेब उसळले. "वरून तारखेचा तगादा होता! पण उडी त्यानंच मारली."

"उडी मारणारा माणूस खाली येऊन दाराला कडी घालत नाही." बाईंनी वॉचमनला विचारलं, "ती कडी रोज कोण घालतं?"

"साहेबच. संध्याकाळी वर सिगरेट ओढून उतरले, की घालतात."

साहेबांची पाचावर धारण बसली. "तो ते चित्र सगळ्यांना दाखवणार होता. मी फक्त त्याच्या खिशातला कागद हिसकावत होतो. कठडा बुटका आहे हो..."

"आणि मग नेहमीसारखी कडी घालून उतरलात. सकाळी त्याच्याच नावानं खडे फोडलेत. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघालात!" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला.

साहेबांना खाली नेलं. फळ्याचे फोटो आणि ठसे घेऊन झाल्यावर हवालदार ते चित्र काढायला पुढं झाला.

"थांबा," बहीण म्हणाली. "एकदा मला हात लावू द्या."

बाईंनी मान हलवली. बहिणीनं टाचण्या काढल्या, चित्र फिरवलं आणि उलटं टाचलं. मग तिनं आईला फोन लावला.

"आई, आपला बाबू चुकला नव्हता गं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.