उपडा कप

साधना सिस्टर त्या सकाळी तांड्यावर निघाली ती साध्याच कामाला. नेमसिंग बाबांना तपासायचं, डॉक्टरांचं घरच्यांशी बोलणं करून द्यायचं आणि ऊन तापायच्या आत महागावला परत. आता यवतमाळच्या एप्रिलमध्ये ऊन तापायच्या आत परत येणं कुणाला जमलंय म्हणा!

नेमसिंग बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्याला आला होता. सगळी औषधं वाढवून झाली, तरी म्हाताऱ्याचा जीव दिवसरात्र घुसमटत होता. घरोघर जाऊन असे पेशंट बघणारे डॉक्टर राजदीप बाजेच्या कडेला बसले आणि आडपडदा न ठेवता म्हणाले, "बाबा, श्वास आता औषधाला ऐकत नाही. या लहान पंपातून झोपेचं औषध थोडं थोडं देत राहू. यानं मरण लवकर येत नाही. ते येईपर्यंत घुसमट जाणवू नये, एवढ्यासाठीच द्यायचं. तुम्ही हो म्हणाल तरच."

"मंग मले... तरास होऊन राह्यला का नाही... हे तुमाले कसं समजन?" बाबांनी विचारलं.

"श्वास बघतो. कण्हणं ऐकतो. कपाळावर आठ्या पडल्यात का, ते बघतो."

बाबांची बायको मानीबाई तोंडाला पदर लावून हसली. "आठ्या? बाप्पा, डॉक्टरसाहेब, यायच्या कपायावर लग्नाच्या मांडवातबी आठ्याच होत्या!"

ते खरं होतं. म्हाताऱ्याचा चेहराच तसा होता. तेव्हा बाबांनी उशाजवळच्या कपबशीकडे बोट दाखवलं. चहा संपला की ते कप बशीवर उपडा घालत. उपडा कप म्हणजे पुरे झालं, आता कुणी आग्रह करायचा नाही. सगळ्या तांड्याला हे ठाऊक होतं.

"तरास नसन... तं मी येऊन सांगीन. या पोरीले. कप उपडा करून." मग साधनाकडे बघून त्यांनी डोळा बारीक केला. "आन् तुया गाडीवर... एक चक्कर राह्यली माही."

बाबांनी हो म्हटलं, मानीबाईनंही मान डोलावली. साधनानं पंप सुरू केला. दिवस माथ्यावर येईस्तोवर म्हातारा झोपला, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. आठ्या मात्र जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा शेजारचा किसनसिंग दारातच कंबरेवर हात ठेवून उभा होता.

"सिस्टर, तुमची सुई काई कामाची नाही. बुढा काल दुपारी माह्या वावरात आलता. धुऱ्याच्या हद्दीवरून अर्धा घंटा भांडून गेला!"

"अहो, ते हलूसुद्धा शकत नाहीत."

"मंग कोन होता तो? लाल पागोटं, काठी, सारं तेच. आन् भांडण बी मागच्या सालचंच!"

आतून मानीबाई म्हणाली, "माह्याकडं बी आलते. चुलीपाशी उभे राहून म्हने, वांग्यात मीठ कमी हाय. चाखून पाह्यलं, तं खरंच कमी."

लाल पागोटं खुंटीवर होतं. काठी कोपऱ्यात होती. बाबा बाजेवर होते. साधनानं बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला.

"सर, पेशंट फिरतायत."

"झोपेत चालतात?"

"नाही सर. झोपलेले इथंच आहेत. चालतात ते वेगळे."

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "श्वास?"

"संथ."

"मग पंप तसाच ठेवा. आणि हे कागदावर लिहू नका."

दुपारचे दोन वाजले. तांड्यावर चिटपाखरू नव्हतं. पत्रे तापून कडकड करत होते, पंप मधूनच बारीक कुरकुरत होता. एकाएकी घरात तंबाखूचा वास आला, ओला, ताजा, नुकताच बाबांनी हातावर मळल्यासारखा. मग मागच्या भिंतीला लागून काठी वाजली. ठक... ठक... साधनानं कोपऱ्यात पाहिलं. काठी तिथंच होती.

"आले," मानीबाई लसूण सोलता सोलता म्हणाली.

साधनाच्या अंगावर काटा आला, तरी तिनं विचारलंच. "बाबा... तरास होते का?"

काठी थांबली. कुडापलीकडे कुणीतरी उभं होतं... एवढं जवळ, की त्याचा श्वास ऐकू यायला हवा होता. तो येत नव्हता. मग ठकठक दूर गेली. थोड्याच वेळात किसनसिंगच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला.

साधनाला भीती वाटली, ती वाटलीच. पण त्याहून राग आला. अख्ख्या तांड्याशी भांडायला म्हाताऱ्याला सवड होती आणि जिला शब्द दिला तिलाच नव्हती!

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. धाप नाही, तडफड नाही. उशाजवळचा कप सुलटाच होता.

"झालं ना सारं नीट?" मानीबाईनं विचारलं. ती रडत नव्हती, नुसती बघत होती. "मी बी हो म्हटलं होतं."

"हो, नीट झालं," साधना म्हणाली. पण पंप तिच्या हातानं लावलेला. आत खोल कुठं तो माणूस घुसमटत पडला असेल आणि आपण त्याला नुसतं गप्प केलं असेल, तर? पुढचे आठ दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

नवव्या दिवशी ती दुसऱ्या गावी उकंडा बाबांकडे गेली. त्यांचीही तीच धाप होती, पण झोपेच्या औषधाला त्यांनी दोनदा नकार दिलेला. आज मात्र तिला बघताच ते म्हणाले, "लाव पंप. चांगला असते म्हने."

"कोण म्हणालं?"

"तो पागोटेवाला... रोज येते. म्हने, काईच तरास नाही होत. भाजीतलं मीठ तेवढं समजते."

तेवढ्यात उकंडाची सून जया चहा घेऊन आली. तीन कप. एक सासऱ्याला, एक साधनाला, आणि तिसरा तिनं बशीसकट दाराशी जमिनीवर नेऊन ठेवला.

"हा कुणाला?"

"तुमच्यासंगं आलेल्या बाबाले," जया म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दाराशी नुसतं ऊन होतं. साधनानं तिकडे पाठ केली. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी उकंडा बाबांना सगळं पुन्हा समजावलं, त्यांचा होकार घेतला. मग तिनं पंप लावला. घरभर तंबाखूचा वास पसरला होता. काम संपल्यावर ती वळली.

तिसरा कप बशीवर उपडा होता. तिनं तो उचलला. बशी कोरडी होती, चहाचा थेंब नव्हता.

ती तिथंच खाली बसली आणि पोटभर रडली. नऊ दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. मानीबाईला आजच जाऊन सांगायचं, असं ठरवून डोळे पुसत ती बाहेर आली, स्कूटीवर बसली आणि बटण दाबलं.

"ओ सिस्टर, थांबा ना!" जया दारातून ओरडली. "त्यायले बसू तं द्या!"

साधना थांबली. मागं वळून पाहायचं तिचं धाडस झालं नाही. स्कूटीची मागची बाजू हळूच दबली.