पासलीची चढण

कापूरहोळच्या वळणावर एसटी अशी काही कलंडली, की शेजारच्या माणसाची पिशवी उलटली आणि पुठ्ठ्याच्या पांढऱ्या नळ्यांचा ढीग थेट माझ्या मांडीवर!

"कुठल्या जत्रेतल्या पिपाण्या ह्या?" मी विचारलं.

"पिपाण्या न्हाईत... फुंकून छातीचा दम मोजायच्या नळ्या हायत." तो कानापर्यंत लाल झाला. "तुमच्या ओढणीत अजून दोन राहिल्यात—"

"मग घ्या की."

पण त्याचा हात काही पुढं येईना. शेवटी मीच काढून दिल्या.

नसरापूरला मी उतरले, तोही उतरला. व्यसनमुक्ती केंद्राचं कुलूप काढते, तर हा पायरीवर उभा! मन्सूर. छातीच्या दवाखान्यानं तपासणीसाठी आमच्याकडे पाठवलेला तंत्रज्ञ. आणि मी तमन्ना, केंद्रातली समुपदेशक. गांजा, गर्द ओढून केंद्रात येणाऱ्या माणसांच्या छात्या पोखरलेल्या. पण दवाखान्यात गेली की "आला गर्दुल्ला" असं ऐकून तशीच परतायची. म्हणून आता तपासणी आणि औषध, दोन्ही केंद्रातच मिळणार होतं.

मन्सूर दर गुरुवारी यायचा. सतरंजीवर माणसांना खेटून बसायचा, त्यांची थट्टा सोसायचा. मी चहा दिला, की कप तसाच धरून बसायचा.

"गार होतोय."

"होऊ दे. गरम प्यायलो तर लवकर संपंल... मग निघावं लागंल."

आता कानापर्यंत लाल व्हायची पाळी माझी होती.

अशातच चिमाजीअण्णा यायचे थांबले. म्हातारे डोंगरातल्या पासली गावचे. मोठ्या जिद्दीनं गांजा सोडलेला, पण तपासणीत टीबी निघाला होता. गोळ्या मध्येच सुटल्या तर दुखणं उलटणार! आम्ही दोघं त्यांना शोधायला निघालो.

एसटीतून उतरून मी बोलत बोलत चढण चढत होते. मागं वळले, तर मन्सूर दगडावर बसलेला. छातीतून शिट्टीसारखा आवाज. हातात निळा पंप... मला बघताच त्यानं तो मुठीत लपवला.

"दमा आहे तुम्हाला?"

"लहानपणापास्नं. दोन ठिकाणी जमलेलं लग्न मोडलं याच्यापायी. वाटलं, तुमाला कळायला नको—"

"आधी औषध ओढा!" मी ओरडलेच. त्यानं ओढलं. त्याच्या पाठीवर ठेवलेला हात काढायचं मला सुचलंच नाही.

वरच्या बांधावरून चिमाजीअण्णा सगळं बघत होते. खाली येऊन त्याच्याशेजारी टेकले.

"सायेब, तुमी बी आमच्यातलंच की!"

"व्हय अण्णा. लाज वाटती, तरी रोज घेतो. न घेऊन कसं चालंल?"

अण्णांनी भाताच्या खाचरांकडं नजर वळवली. "घरात माजा कप येगळा ठिवलाय, पोरी. म्हनलं, असल्या जगन्याला गोळ्या कशापायी..."

मग आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. मी सुनेला दुखण्याची नीट माहिती दिली, आणि मन्सूर तोवर अण्णांना खेटून बसला. उठताना अण्णा म्हणाले, "उद्याच्या पयल्या गाडीनं येतो."

उतरताना मन्सूर अडखळत म्हणाला, "तमन्ना... दमेकऱ्याचं स्थळ आलं, तर तुमचे अब्बा काय म्हणतील?"

"विचारतील, पोरगा कसा आहे."

"मग... तुमी काय सांगाल?"

"सांगेन, चढावर दमतो. पण माणसाला अर्ध्यावर टाकून माघारी फिरत नाही."

तो हसला... मोकळं, छाती भरून. समोरून एसटी येत होती. दोघांपैकी कुणीच हात केला नाही.