कोर्पिवाराचं डावं वळण

ज्यांना असल्या गोष्टी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो, त्यांनी खुशाल हसावं. मीही हसणाऱ्यांतलीच होते. पण हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय, आणि तिच्याइतकी रुक्ष बाई आमच्या केउरू गावात दुसरी नाही. तिला स्वप्नंसुद्धा पडत नाहीत.

रात्र वगैरे काही नव्हती. ऑगस्टमधला शनिवार. सकाळचे अकरा वाजून सतरा मिनिटं. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण ती शर्यतीच्या कार्डावर पंचांच्या सहीने लिहिलेली आहे.

जागा... कोर्पिवाराच्या जंगलातला कच्चा रस्ता.

नणंदेचं नाव मार्युत. वय चव्वेचाळीस. वीस वर्षं ती मोटार-रॅलीच्या शर्यतीत चालवणाऱ्याच्या उजवीकडच्या सीटवर बसून त्याला वही वाचून दाखवते. पुढचं वळण कुठलं, किती मीटरवर, किती अवघड, ते सगळं त्या वहीत असतं. एक हा आकडा म्हणजे गाडी जवळजवळ मागे फिरते असं वळण, सहा म्हणजे नावापुरतं. उंचवट्यापलीकडचं कोणालाच दिसत नाही. चालवणारा कानांवर भरवसा ठेवून गाडी तिकडे फेकतो. दिसेपर्यंत थांबायचं असेल, तर त्याने रविवारी म्हाताऱ्यांना चर्चला सोडायचं काम धरावं.

चालवणाऱ्यांना मार्युत काडीची किंमत देत नाही. उजव्या पायालाच डोकं फुटलेली जमात, असं ती त्यांच्या तोंडावर म्हणते.

त्या जमातीत तिला सगळ्यांत नकोसा होता युर्की. वडिलांची लाकडाची गिरणी, त्या जिवावर जिल्ह्यातली सगळ्यांत वेगवान गाडी, आणि झोपेतही बढाया. तरी ती त्याच्या शेजारी बसली. का, ते तिने मला सरळ सांगितलं. वीस वर्षांत ती एकदाही पहिली आली नव्हती. मरायच्या आधी तिला एकदा तरी यायचं होतं.

युर्कीच्या शेजारची ती सीट तीन वर्षं रिकामी होती.

आधी तिथे एन्सिओ बसायचा. हडकुळा, चष्मेवाला, हळू बोलणारा. कोर्पिवाराच्या सातव्या किलोमीटरला एक उंचवटा आहे, त्याच्यामागे लगेच डावं वळण, आणि वळणाच्या बाहेर गाडीएवढा धोंडा. तीन वर्षांपूर्वी युर्कीची गाडी तिथे सरळ गेली. एन्सिओ जागच्या जागी गेला. युर्कीचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

मदत पोचायला पंचवीस मिनिटं लागली. युर्कीने सगळ्यांना सांगितलं की एन्सिओने दोन पानं एकदम उलटली, ते वळण वाचलंच नाही. वही खरोखरच दोन पानं पुढे उघडलेली सापडली. वर युर्की म्हणायचा, ते वळण पाचाचं आहे, ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबून घेता येतं. नुसतं वाचलं असतं तरी मी डोळे मिटून काढलं असतं.

लोकांना तेवढं पुरलं. एन्सिओचं नाव म्हणजे शिवी झाली. कोणाकडून पान चुकलं की म्हणायचं, "एन्सिओ झाला बघ." चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक उघडताना गडबड झाली तरी तेच, आणि त्याची बायको दोन रांगा पुढे बसलेली असायची. मार्युत तर हे सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. वाचणाऱ्यांच्या धंद्याला त्याने काळं फासलं, असं तिचं मत होतं.

शर्यतीआधी रस्ता साध्या गाडीने, सावकाश, दोनदा पाहायला मिळतो. पहिल्या फेरीत चालवणारा वळणं मोजून सांगतो आणि वाचणारी पेन्सिलीने लिहिते. दुसऱ्या फेरीत ती वाचते आणि चुका दुरुस्त होतात. शुक्रवारी दुपारी ही दोघं सातव्या किलोमीटरला आली, तेव्हा युर्कीने सांगितलं, "उंचवटा, दाबून, डावं पाच."

तिने लिहिलं. दुसऱ्या फेरीत मात्र तिथे तिने मान वर करून नीट पाहिलं.

"हे तीन आहे," ती म्हणाली. "उंचवट्याच्या आधी पाय सोडावा लागेल."

"पाच आहे."

"त्या धोंड्याला विचार. त्याच्यावर अजून तुझ्या गाडीचा रंग आहे."

"मार्युतबाई, तुमच्या हातात पेन्सिल आहे आणि माझ्या हातात स्टिअरिंग. मी सांगतो, तू लिहायचं. उद्या जिंकायचंय ना तुला?"

या लोकांत एक रीत आहे. वाचणाऱ्याने हरकत एकदाच घ्यायची. त्यानंतर चालवणारा सांगेल ते वहीत, आणि वहीत असेल तेच तोंडात. गाडी सुटल्यावर आपल्या मनाने शब्द बदलला, तर पुन्हा कोणी शेजारी बसवत नाही. मार्युतने पाच आकडा पुन्हा गिरवला. इतक्या तिरस्काराने की पेन्सिलीचं टोक मोडलं.

ती दुसरी पेन्सिल शोधायला वाकली. गाडी उभी होती. इंजिन बंद.

तेवढ्यात... मागच्या सीटवर पेन्सिल चालल्याचा आवाज आला.

एकदाच. एखादा आकडा लिहायला लागतो तेवढाच.

तिने वळून पाहिलं. मागे तिचा कोट होता आणि कॉफीचा थर्मास. तिने युर्कीकडे पाहिलं. तो समोर बघत होता. त्याने रेडिओ लावला आणि आवाज वाढवला.

शनिवारी सकाळी शर्यतीचे पाच टप्पे झाले. दोघं पहिली होती. नऊ सेकंदांनी पुढे. सहावा टप्पा कोर्पिवाराचा.

गाडी सुटली. पहिले दोन किलोमीटर सुरळीत गेले. ती वाचत होती, तो फेकत होता. वाचणारी बाहेर पाहत नाही. मान खाली, बोट ओळीवर.

तिसऱ्या किलोमीटरला हेल्मेटच्या स्पीकरमध्ये... कोणीतरी श्वास घेतला.

तिचा श्वास तिला माहीत होता. युर्कीचाही, कारण तो घोड्यासारखा फुरफुरतो. हा तिसराच होता. संथ.

"एकदाच वाच," युर्की म्हणाला.

"एकदाच वाचतेय."

पुढची दोन वळणं गेली.

"दोनदा वाचू नकोस म्हटलं ना."

मग तिने वाचता वाचता कान दिला. आणि तिला ऐकू आलं... तिच्या प्रत्येक शब्दाच्या अर्धा श्वास आधी, तोच शब्द. "साठ. उजवं चार. आवळतं." पुरुषाचा आवाज. हळू.

ती म्हणते, आधी भीती वाटलीच नाही, राग आला. आयोजकांनी वायरींचा काहीतरी गोंधळ घातला असणार, त्या गाढवांना धड चुना टाकून रेघ मारता येत नाही. पण पाचव्या किलोमीटरला तिने त्या सकाळी एकटीने, संडासात बसून, बारीक अक्षरात एक शब्द वाढवला होता. 'खड्डा.' ते युर्कीलाही माहीत नव्हतं.

आवाज म्हणाला, "खड्डा."

तिच्या आधी.

सहावा किलोमीटर. आता बाकीचे आवाज जायला लागले. आधी गाडीच्या पोटावर उडणारे खडे बंद झाले. मग गिअरची शिट्टी. मग... इंजिन. गाडी ताशी दीडशेने चालली होती, आणि तिला फक्त स्वतःच्या बोटाखालचा कागद ऐकू येत होता.

तिने पान उलटलं. एकच. दोनदा चाचपून.

उंचवटा, दाबून, डावं पाच.

वाचायला दीड सेकंद होता. पाच वाचलं तर हा मूर्ख पाय दाबून ठेवेल आणि दोघं धोंड्यावर जातील. आणि तीन म्हणावं, तर आयुष्यात पहिल्यांदा वहीत नसलेलं बोलायचं. पहिला नंबर तर जाईलच, पुन्हा कोणाच्या गाडीत बसायला मिळणार नाही. वर हा तिला ओळखून होता. मुद्दाम खिजवते आहे समजून त्याने पाय आणखी दाबला असता. तिने तोंड उघडलं आणि तोंडातून काहीच निघालं नाही.

"डावं तीन," आवाज म्हणाला. "सोड."

युर्कीने पाय सोडला.

गाडी उंचवट्यावरून चारही चाकं जमिनीला धरून उतरली. मार्युतने मान वर केली. धोंडा तिच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून मागे गेला, आणि त्याच्यावरचा निळा रंग तिला स्पष्ट दिसला.

पुढचे चार किलोमीटर तिने वाचलं नाही. वही मांडीवर मिटून ठेवली. वळणं येत होती आणि युर्की ती अचूक घेत होता... कोणीतरी सांगतंय तशी.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी गाडी थांबली. त्या टप्प्यावरचा तो सगळ्यांत कमी वेळ होता.

गाड्यांचा थांबा शाळेच्या मैदानावर होता. युर्की उतरला आणि तडक सॉसेजच्या टपरीकडे गेला. हातात मोहरी लावलेला सॉसेज घेऊन, ते वळण आपण कसं काढलं, ते लोकांना सांगत उभा राहिला. पाचाचं आहे म्हणून सांगतच होतो, असंही म्हणाला. मार्युत गाडीतच बसून राहिली. आत लावलेल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तिने फोनवर घेतलं आणि ऐकलं.

तिचा आवाज होता. फक्त तिचाच. तिसरं कोणी नव्हतं. युर्कीचं "दोनदा वाचू नकोस" होतं, पण दोनदा वाचलेलं काही नव्हतं. मग सातवा किलोमीटर. ती गप्प. शांतता.

त्या शांततेत... युर्की बोलला. तिने गाडीत हे ऐकलं नव्हतं. आवाज इतका मऊ, की या माणसाला असा आवाज आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"सोडतो, एन्सिओ. ह्या वेळी सोडतो."

तिने ते तीनदा ऐकलं.

म्हणजे तीन वर्षांपूर्वीही याला सांगितलं होतं. नीट, वेळेवर, बरोबर पानावरून. याने पाय सोडला नव्हता. आणि मग मेलेल्या माणसाच्या शेजारी बसून, एका हाताने, दोन पानं उलटायला याच्याकडे पंचवीस मिनिटं होती.

ती टपरीपाशी गेली. तिथल्या भोंग्याला फोन जोडला आणि सगळ्यांना ऐकवलं. युर्की म्हणाला, वारा आहे, वाऱ्यात काय वाटेल ते ऐकू येतं. कोणी हसलं नाही. त्याने अर्धा सॉसेज तिथेच टाकला आणि तो निघून गेला. मार्युतने आयोजकांच्या टेबलावर कार्ड ठेवलं आणि दोघांची नावं शर्यतीतून काढायला सांगितली. दोन टप्पे उरले होते आणि ती अजून पहिली होती.

एन्सिओच्या बायकोकडे कोणी माफी मागायला गेलं असेल, तर मला माहीत नाही. आम्ही तसली माणसं नाही. आता चर्चमध्ये पान चुकलं तर लोक नुसतं खाली बघतात.

तो आवाज युर्कीला कसा ऐकू आला, मार्युतला कसा आला आणि कॅमेऱ्याला का नाही, ते मला विचारू नका. परवा ती माझ्याकडे कॉफीला आली होती. मी तिला धीर द्यायला म्हटलं, अगं, त्याने तुला वाचवलं, चांगला माणूस होता बिचारा.

मार्युतने कप खाली ठेवला.

"तू तो आवाज ऐकला नाहीस," ती म्हणाली. "रागावला असता तर मी समजू शकले असते. दया असती तरी चाललं असतं. रस्त्यात आलेलं गांडूळ आपण काठीने बाजूला करतो ना... तसं त्याने आम्हाला बाजूला केलं."

मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. तिच्याकडे बघणं मला जमलं नाही. तीन वर्षं मीही हसलेच होते.