मीटरवरचं कुंकू

२००६ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिकागोबाहेरच्या एका अणुसंशोधन प्रयोगशाळेतून फोन आला. टेक्निशियन अनिल आदल्या दिवशी किरणोत्सर्गात सापडला होता. रेडिएशन इन्स्पेक्टर प्रीता आधी हॉस्पिटलात गेली. तो वाचणार नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

अनिलची बायको सुलभा दारातच होती. "ग्लानीत सारखा एवढंच म्हणतो, माझंच चुकलं का गं? ऑफिसवाले तेच म्हणतात. मॅडम, तो जायच्या आत खरं काय ते त्याला सांगा."

प्रयोगशाळेच्या वकिलांनी प्रीताला दोन दिवस गेटवर ताटकळत ठेवलं. मग मॅनेजर श्रीरंग भेटला. नव्या लोकांना सुरक्षितता तोच शिकवायचा.

"एकोणीसशे सेहेचाळीसचा किस्सा मी दरवर्षी सांगतो. स्क्रूड्रायव्हरच्या आधाराने प्लुटोनियमशी खेळ. स्क्रूड्रायव्हर घसरला, शास्त्रज्ञ गेला. हात घालायचा नाही, हा धडा! तरी अनिल आत घुसला."

"का?"

"किरणोत्सर्गी सोर्स अडकला होता, शिशाच्या पेटीत परत जाईना. रेडिएशन मोजणारा मीटर बोंबलत असणार, ह्याने ऐकलं नाही. हा बघा तो मीटर, अनिलजवळच पडला होता."

"सोर्स बाहेर असताना त्या खोलीचं दार उघडतं?"

"फक्त माझ्या किल्लीने. माझ्या केबिनमधल्या ड्रॉवरमधून उचलली असेल त्याने."

"केबिन उघडी होती?"

"छे, कुलूप लावूनच जातो मी."

प्रीताने मीटर हातात घेतला. स्विचवर वाळलेल्या कुंकवाचा अख्खा टिळा होता.

"हे काय?"

"दसऱ्याची पूजा. सगळे मीटर माझ्या केबिनमध्ये मांडले होते."

"नंतर कोणी वापरले?"

"छे हो! पूजलेलं हत्यार त्या दिवशी—"

श्रीरंगने जीभ चावली.

"थांबलात का? स्विचला बोट लागलं असतं तर टिळा फुटला असता. हा मीटर चालूच झाला नाही. अनिल रिकाम्या हाताने आत गेला. मीटर नंतर तिथे ठेवला गेला. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. दार तुम्हीच उघडलंत."

श्रीरंग खुर्चीत बसला. "काम अडलं होतं. म्हटलं, काठीने ढकलून ये पटकन. मीटर मागत होता तो. मी म्हटलं, आज हलवायचा नसतो."

"आणि तो गेला?"

"व्हिसा माझ्या सहीवर होता त्याचा."

"सेहेचाळीसचा माणूस निदान स्वतःच्या हाताने मेला. तुम्ही दुसऱ्याचा हात वापरलात."

श्रीरंगला पोलिसांच्या हवाली करून प्रीताने गाडी हॉस्पिटलकडे दामटली. सुलभा बाहेरच्या बाकावर बसली होती.

"अनिलची काहीच चूक नव्हती," प्रीता धापा टाकत म्हणाली.

सुलभाने वर पाहिलं.

"आता कोणाला सांगताय?"