जमा न केलेली खुकरी

पूर्णबहादूर गुरुंग पोखऱ्याहून सिंगापूरला आला होता तो आजोबांची खुकरी शोधायला. बेचाळीस साली, इंग्रजांच्या शरणागतीच्या दिवशी, गुरखा पलटणीतल्या या आजोबांनी ती जपान्यांकडे जमा केली नाही. उत्तर किनाऱ्यावरच्या खारफुटीत, दुभंगलेल्या कातळाच्या बुडाशी त्यांनी ती चिखलात खुपसली. म्यानातली कर्द, म्हणजे खुकरीसोबतची छोटी सुरी, तेवढी पायपट्टीत लपवून कैदेतून घरी नेली. तीच आज पूर्णच्या खिशात होती.

बरोबर दोघं होते. अनघा विद्यापीठात खारफुटीवर संशोधन करायची. आत शिरायचा परवाना तिचा. निशिकांत सिंगापूरच्याच तोआ पायोह भागातला, आयटीत मॅनेजर आणि पंधरा वर्षं जुन्या खुकऱ्यांच्या नादी लागलेला. खुकरी संग्रहालयात जाणार, खाली शोधक म्हणून आपलं नाव लागणार, हे त्याने ठरवूनही टाकलं होतं. पाण्यात म्हैस, बाहेर मोल! सापडलेली वस्तू सरकारजमा करायची, ही परवान्यातली अट पूर्णला सांगायची राहिली होती. राहिली म्हणजे निशिकांतने राहू दिली होती.

सकाळी ओहोटीला ते आत शिरले. गुडघाभर चिखल, मुळांचं जाळं, डासांचे थवे. वाटेत पूर्णने कर्द दगडावर टेकवली, तसा निशिकांत ओरडला, "अरे, धार मत लगाना! पुराना रंग गया तो सब गया!"

चिखलाने अनघाचा बूट गिळला. पुढे तोंडासमोरच्या फांदीवर चापडा, विषारी हिरवा साप, वेटोळं घालून बसलेला. त्याला वळसा घालण्यात तास गेला. आणि मग ओढ्याकाठी दिसला दुभंगलेला कातळ!

निशिकांत धावला. कातळाच्या बुडाशी कमरेपर्यंत रुतला, आणि चिखलातल्या जुन्या नायलॉनच्या जाळ्याने त्याचा पाय आवळला.

"भरती लागलीय!" अनघा ओरडली. "हलू नका!"

पाणी छातीला आलं. पाय सोडवायला त्याने हात खाली घातला आणि बोटांना शिंगाची मूठ लागली.

"मिळाली! मिळाली!"

"मूठ सोडा हो, पाय बघा!"

पूर्णने कर्द चालवली. दोर तुटेना. कर्द बोथट! तो निशिकांतकडे बघून शांतपणे म्हणाला, "दाजू, अब धार लगाऊँ?"

"लगा रे बाबा, लगा!"

खर्र, खर्र! ऐंशी वर्षांचा रंग कातळावर उतरला. पूर्णने बुडी मारली. एक दोर तुटला. दुसरा. पाणी हनुवटीला! तिसरा तुटला आणि पाय सुटला.

कातळाला धरून निशिकांत धापा टाकत म्हणाला, "खींच उसे, पूर्ण! यहीं है!"

पूर्णने मूठ चाचपली आणि अनघाला विचारलं, "घर ले जा सकता हूँ?"

अनघाने चमकून निशिकांतकडे पाहिलं. "इन्होंने बताया नहीं? जमा करनी पड़ेगी."

 पूर्णने मुठीवर टाच ठेवली आणि सगळा भार देऊन खुकरी खोल दाबली. निशिकांतला फार वाईट वाटलं. लाजही वाटली. 

किनाऱ्यावर अनघाने परवान्याचा फॉर्म भरला. 'बाहेर आणलेल्या वस्तू' पुढे लिहिलं: नाही.

पूर्णने खिशातून पेरू काढला, कर्दीने कापला आणि पहिली फोड निशिकांतपुढे धरली. जुन्या पात्याला कुणाला बोटही लावू न देणाऱ्या निशिकांतने ती मुकाट्याने खाल्ली.

"माफ करना, भाई," तो म्हणाला. "धार अच्छी है."