फर्नेसमागचं वळण

स्कारबरोत शरदचंद्र मिराशींकडे जेवायला जायचं म्हणजे आधी बेसमेंट पाहायचं, हे तिथल्या मराठी मंडळींनी केव्हाच मान्य केलं होतं. पाहुणा कोट काढतो न काढतो तोच शरदचंद्र जिन्याचा दिवा लावत. खाली छताच्या तुळयांना आकडे मारून त्यांनी लोखंडी रूळ टांगला होता. त्याला लटकलेला लाकडी डबा किंचित झुलत साऱ्या बेसमेंटला प्रदक्षिणा घाली. जर्मनीतल्या वुपरटाल शहराची ही टांगती रेल्वे. कॅनडात येण्याआधी तरुणपणी ते तिथे शिकाऊ इंजिनिअर होते.

"रूळ डोक्यावर, पायाखाली नदी," ते सांगत. "वळणावर डबा असा झुलतो की वाटावं, कुणीतरी पाळण्याला हात लावला."

खाली कोण किती टिकतो यावरून त्यांच्या पत्नी उमाताई माणसं जोखत. डॉक्टर मंडळी लगेच वर येत. पुण्याहून नवी आलेली सॉफ्टवेअरवाली मुलं फोटो काढत. मुलीसाठी स्थळ शोधणारे मात्र, मिराशींचा मुलगा निमिष विंडसरला नक्की काय करतो हे कळेपर्यंत, डब्याकडे मोठ्या भक्तिभावाने बघत उभे राहत.

उमाताई स्वतः फारशा खाली जात नसत. तिथे त्यांना एक जुनी गोष्ट टोचे. दोघांनी वुपरटालला जायचं तीनदा ठरलं होतं आणि तिन्हीदा त्यांनीच मोडलं होतं. एकदा निमिषची परीक्षा, एकदा गुडघे, आणि एकदा, खरं सांगायचं तर, नुसता कंटाळा. "पुढच्या वर्षी बघू हो," त्या म्हणत. शरदचंद्र चिडत नसत. खाली जाऊन रूळ थोडा लांबवत.

दोन हजार आठच्या गणपतीत त्यांनी जाहीर केलं, की यंदा बाप्पा गाडीत बसणार.

पूजा सांगायला गुरुदत्त शेवडे आला होता. पेशाने अकाउंटंट, हौसेने भटजी. प्राणप्रतिष्ठा झाली, डब्यातल्या बोटभर मूर्तीवर अक्षता पडल्या आणि शरदचंद्रांचा हात बटणाकडे गेला.

"काका, थांबा," गुरुदत्त म्हणाला. "प्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवायची नसते. उत्तरपूजेनंतर जागची हलवली, की देव गेले."

"मूर्ती कुठे हलतेय? ती डब्यात स्वस्थ बसलीय. डबा हलतोय."

सगळे हसले. गुरुदत्त उमाताईंकडे बघत राहिला. त्यांनी एक शब्द टाकला असता तर शरदचंद्र थांबले असते. पण तीनदा नाही म्हटलेल्या बाईला चौथ्यांदा नाही म्हणवेना. "जाऊ दे रे," त्या म्हणाल्या, "तेवढीच हौस."

गाडी निघाली. घर तापवणाऱ्या फर्नेसमागे रुळाचं एक वळण होतं. तिथे ती क्षणभर दिसेनाशी होई आणि लगेच पलीकडून बाहेर येई.

दुसऱ्या दिवशी ती आरतीचं एक कडवं संपल्यावर बाहेर आली. तिसऱ्या दिवशी अख्खी आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, तेव्हा आली. रूळ तेवढाच होता, मोटारचा आवाज तसाच. उमाताईंनी डब्याला खालून हात लावला. तो गार होता, ओला होता, आणि हाताला वाहत्या नदीकाठचा वास येत होता.

"लांबची फेरी घेतेय," शरदचंद्र म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

पाचव्या दिवशी गाडी फर्नेसमागे गेली आणि पाहुण्यांचं जेवण उरकलं तरी आली नाही. लाँड्री सिंकमध्ये विसर्जनाची बादली भरून ठेवलेली. लोक खोळंबले.

"अहो, जाऊन बघा ना," उमाताई म्हणाल्या.

ते आडवे होऊन फर्नेसमागच्या फटीत शिरले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते ओंजळीत मूर्ती घेऊन. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. उत्तरपूजा झाली, बाप्पा बादलीत गेले.

त्याच संध्याकाळी उमाताईंनी विचारलं, "चहा टाकू?" शरदचंद्र पेपर वाचत राहिले. चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, आणि मग ते म्हणाले, "टाक की."

कान तपासले. कान ठणठणीत होते. निमिष फोनवर म्हणाला, "बाबांचं प्रोसेसिंग स्लो झालंय, आई. इट्स एज." पण वयाने माणूस विसरतो, हे काही विसरत नव्हते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर येई, नीट, क्रमाने, फक्त उशिरा. ऑक्टोबरात सकाळचं उत्तर संध्याकाळी येऊ लागलं. बर्फ पडेपर्यंत मधे अख्खा आठवडा जाऊ लागला. जेवणाच्या टेबलावर ते मधेच म्हणत, "नको, स्वेटर नको," आणि कुठल्या दिवशीचा स्वेटर ते उमाताईंना बरोबर आठवे.

जानेवारीत छातीत दुखलं म्हणून त्यांना हॉस्पिटलात नेलं. उमाताईंनी हात हातात घेतला. "अहो, वुपरटालला जाऊ या का? एप्रिलमध्ये. दोघं."

ते नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी गेले.

सगळं आटोपल्यावर निमिष विंडसरला परतला. उमाताई भाजी चिरत होत्या, तेव्हा बेसमेंटमधून आवाज आला.

"मीठ ठीक आहे गं."

डिसेंबरातल्या आमटीबद्दल होतं ते.

त्या घाबरल्या नाहीत. काय काय विचारलेलं शिल्लक होतं, हे त्यांना ठाऊक होतं. टोपी मिळाली का. मिळाली. निमिषला फोन करू का. कर. खूप दुखतंय का. नाही गं.

आता एकच उरलं होतं.

एप्रिल आला. त्या रोज जिन्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. ग्रोसरीलाही घाईघाईत जाऊन येत.

एका दुपारी उत्तर आलं. "हो. जाऊ या."

उमाताई पदरात तोंड घालून पोटभर रडल्या. संपलं, असं त्यांना वाटलं.

त्यावर लगेच तोच आवाज आला.

"आहे ना. खिडकीशी."

हे त्यांनी विचारलं नव्हतं.

 मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि एकेक पायरी खाली उतरल्या. फर्नेसजवळ जाऊन, त्या अंधाऱ्या फटीत तोंड घालून हळूच म्हणाल्या, "माझ्यासाठी जागा आहे का हो?"

कपाळाला गार वारा लागला. बाकी काही झालं नाही. वर येऊन त्यांनी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निमिषचा फोन आला.

"आई, जेवतेस ना नीट?"

"जेवते रे. कालच मटकीची उसळ केली होती."

"आई?"

"ऐकतेय मी. बोल."

"हॅलो? आई, आर यू देअर?"

"अरे, आहे ना. बोलतेय की मी."

त्याने वैतागून फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा घंटी वाजली. त्याचा आवाज उतरला होता.

"आई, आत्ताच तुझा मेसेज आला आन्सरिंग मशीनवर. उसळीचं काय सांगत होतीस? अँड हू इज विथ यू? मागून कुणीतरी तुला सांगतंय, सरकून बस म्हणून."